कासवाच्या पाठीचा रस्ता

नागोरावांचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. घड्याळ नव्हतं. कात्रजच्या डेअरीकडे जाणाऱ्या दुधाच्या गाड्या त्या सुमाराला खालच्या रस्त्यावर गिअर बदलायच्या, तो आवाज डोंगराला लागून परत यायचा आणि नागोराव उठून बसायचे. पाच वाजता ट्रॅक्टरच्या नाकावर हात ठेवलेला असायचा.

इतक्या लवकर उठायला कारण होतं. खडी-मुरमाच्या रस्त्यावर पातं फिरवायचं तर मुरूम ओलसर लागतो. कोरड्यात नुसती धूळ उडते आणि खडी सुटी होऊन गडगडते. चिखलात पातं रुततं. आदल्या संध्याकाळी शिंपडलेलं पाणी रात्रीच्या गारव्यात आत मुरलेलं असतं आणि ऊन अजून पोचलेलं नसतं, त्या दोन तासांत केलेलं काम टिकतं. बाकीच्या वेळी केलं तर डिझेल जळतं, एवढंच.

रस्ता दोनशे चाळीस पावलांचा, दहा फूट रुंद. सहा फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. मध्यावर एक वळण. खाली दोन पत्र्याच्या खोल्या, तिथे नागोराव राहायचे. वर शरच्चंद्र लिमयांचा बंगला.

लिमये बँकेतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं शनिवार पेठेत दोन खोल्यांत काढलेली. मुलगा सुदर्शन कॉम्प्युटरमध्ये शिकला, अमेरिकेत गेला, आणि आईवडिलांना मोकळी हवा मिळावी म्हणून त्यानं कात्रजच्या डोंगरउतारावर जागा घेऊन बंगला बांधून दिला. हवा उत्तम होती. रस्ता नव्हता. मग खडी आली, मुरूम आला, आणि जुन्नरच्या एका द्राक्षबागायतदाराकडून अठरा घोड्यांच्या ताकदीचा जुना छोटा ट्रॅक्टर आला. मागे चार फुटी लोखंडी पातं. तो चालवायला माणूस हवा होता. ही गोष्ट सन दोन हजारच्या मे महिन्यातली.

नागोराव हिंगोलीकडचे. चार वर्षं पुण्याच्या बायपासच्या कामावर होते. आधी खडी फोडली, मग पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर चालवला. अकरा माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. बायको कौशल्या आणि मुलगी श्रद्धा गावाकडे. चार वर्षांत मुलगी त्यांना चार वेळा दिसली, आणि दर वेळी ओळख नव्यानं करून द्यावी लागली. लिमयांच्या कामाबरोबर दोन खोल्या मिळत होत्या. नागोरावांनी पगार विचारायच्या आधी खोल्यांचं दार उघडून पाहिलं होतं.

जूनमध्ये कौशल्याबाई एक पत्र्याची पेटी आणि आठ वर्षांची पोर घेऊन आल्या. श्रद्धाचं नाव आंबेगावच्या शाळेत घातलं. त्याच संध्याकाळी लिमये काठी टेकत खाली आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले.

"नागोराव, बिऱ्हाड लावलंत, छान केलंत. पण एक सांगून ठेवतो, मागाहून रडारड नको. काँक्रीटवाल्याचा आकडा माझ्याकडे येऊन पडलेला आहे. मला काँक्रीट नको, डोंगरावर ते मलमपट्टीसारखं दिसतं. पण सुदर्शनला हवंय. तो दसऱ्याला येतोय. तोपर्यंत हा रस्ता रस्त्यासारखा राहिला, तर तुम्ही, ट्रॅक्टर आणि या खोल्या, सगळं आहे तसं. नाही राहिला तर काँक्रीट. आणि काँक्रीटला ड्रायव्हर लागत नाही."

"राहील साहेब," नागोराव म्हणाले.

"राहील ते दिसेलच. बोलायला काही पैसे पडत नाहीत."

लिमये वर गेले. कौशल्याबाईंनी भांडी मांडायची थांबवली होती. त्या पुन्हा मांडू लागल्या.

नागोरावांनी रस्ता मनावर घेतला. पहिल्याच दिवशी चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर उचलली. मागे पात्याचं ओझं, पुढे काहीच नाही. त्यांनी वाळूच्या दोन गोण्या भरून नाकावर बांधल्या, मग चाकं जमिनीला राहिली. खड्डा दिसला की त्यात खडी टाकून मोकळं व्हायचं, असलं काम त्यांनी केलं नाही. तसा भरलेला खड्डा चार दिवसांत पुन्हा उघडतो. खड्ड्याच्या तळापर्यंत सगळीकडून खरवडायचं आणि मग एकजीव पसरायचं. एका चढाला अकरा मिनिटं. उतरताना पातं उचललेलं. सकाळी आठ खेपा. त्याहून जास्त केल्या तर हात जड होतो आणि पातं लाटा काढायला लागतं.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन एका सुरात चालायचं. आजूबाजूला धुकं असायचं, सर्पोद्यानाच्या बाजूनं मोर ओरडायचे, आणि खाली शहराचे दिवे पाण्यात बुडाल्यासारखे दिसायचे. नागोरावांचे डोळे उघडे असायचे, हात कामावर असायचे, पण मन कुठेतरी निघून जायचं. रस्त्याचा लाल मुरूम काळा व्हायचा. काळीचं रान दिसायचं, सऱ्यांत उभं राहिलेलं पाणी दिसायचं, त्यात आभाळ. आणि रस्त्याच्या कडेनं, पात्याच्या शेजारून, त्यांचे वडील चालत असायचे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर फावडं. बोलायचे नाहीत. नुसते कडेकडे बघत चालायचे. वडील जाऊन सतरा वर्षं झाली होती. नागोरावांना त्यात वावगं वाटायचं नाही. सोबत बरी वाटायची.

जूनअखेर रस्ता असा झाला की बघत राहावं. खळ्यासारखा सपाट. दोन्ही कडांना खडी-मुरमाचा वीतभर उंच वरंबा, फावड्यानं चापून बसवलेला, दोरी लावल्यासारखा सरळ. कौशल्याबाईंनी सारवून द्यायचं तेवढं बाकी होतं.

"वा!" लिमये म्हणाले. "यावर क्रिकेटचा सामना ठेवता येईल. घरंगळलेला चेंडू तेवढा कात्रजहून परत आणावा लागेल."

जुलैच्या मध्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी नागोराव बाहेर आले, तर रस्त्यात दोन चाकोऱ्या पडलेल्या. चाकांच्या जागी हात कोपरापर्यंत जाईल इतक्या खोल. वळणावर कडेचा वरंबा फुटला होता आणि तिथून सगळी खडी खालच्या संपतच्या झेंडूत जाऊन बसली होती.

संपत गावचा मूळ शेतकरी. डोंगराची ही जागा त्यानंच लिमयांना विकलेली. पायथ्याला अर्धा एकर त्यानं ठेवली होती. त्यात झेंडू, दोन म्हशी, आणि एक विहीर, जिला मार्गशीर्षानंतर पाणी नसायचं. तो बांधावर उकिडवा बसून खडीकडे बघत होता.

"आवं पाव्हणं, म्या तर खडी मागिवली नव्हती. आन् घरपोच आली. गाडीभाडं किती झालं?"

"संपतराव, चेष्टा नका करू. परत नेतो मी."

"न्या की. पर गोठ्यापुढं टाकली तेवढी ऱ्हाऊ द्या. म्हशीस्नी आवाडली हाय."

चाकोरीत ट्रॅक्टर नेता येत नव्हता, म्हणून खडी डोक्यावरून वर न्यावी लागली. नागोराव आणि कौशल्याबाई, दोघांनी मिळून दोनशे दहा घमेली. दीड दिवस. वर शरच्चंद्र लिमये छत्री घेऊन उभे.

"नागोराव, आपण रस्ता करतोय की कालवा? कालवा असेल तर तसं सांगा. पाटबंधारे खात्याला कळवतो, उद्घाटनाला एखादा मंत्री मिळेल."

नागोराव हसले नाहीत. त्यांनी हिशोब केला की वरंबा कमी पडला. पुढच्या उघडिपीत त्यांनी तो टीचभर आणखी उंच केला, आतून दगडाच्या चिपा लावल्या, वरून धुम्मस मारलं. चार दिवसांचं काम. खांदे इतके भरून आले की रात्री कूस बदलता येईना.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. या वेळी वाईट झालं. वरंबा फुटला नाही, म्हणून पाणी पूर्ण रस्ताभर आत कोंडून पळालं आणि वळणाखालचा मुरूम पार खरवडून खालचा कातळ उघडा पडला. लिमयांची मारुती वळणावर बसली ती बसलीच. लिमयेबाईंना गुडघेदुखी. त्या नवऱ्याच्या खांद्याला धरून, दर दहा पावलांना थांबत, वर गेल्या. नागोराव मागून त्यांची पिशवी घेऊन चालत होते. लिमये काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. टोमणा बंद झाला तेव्हा नागोरावांना पहिल्यांदा भीती वाटली.

चौथ्या दिवशी एक माणूस मोटरसायकलवर आला, टेप काढून रस्ता मोजला, वहीत लिहिलं आणि गेला. काँक्रीटवाल्याचा माणूस. श्रद्धानं त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं, कारण त्यानं तसं सांगितलं. मग ती आईकडे येऊन म्हणाली, "आई, आपला रस्ता त्यानं मोजला."

त्या दुपारी पाऊस झिमझिम चालूच होता. नागोराव वर बंगल्यातून परत येत होते. वळणावर कौशल्याबाई बसलेल्या दिसल्या. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, हात गुडघ्यांभोवती. समोर चाकोरीतून लाल पाणी खळखळत चाललं होतं.

"भिजायलीस कशाला? काय बघायलीस?"

"पाणी."

"पाण्यात काय बघायचं?"

"कुठं जायाचंय त्याला, ते बघायलाव." त्यांनी बोटानं दाखवलं. "हे बघा. इथं आलं की कडंला जातंय. भिंतीला लागतंय. परत मधी येतंय. मग खाली पळून पुन्हा कडंला. पुन्हा भिंत. आवो, त्याला बाहेर पडायचंय. तुम्ही दोन्ही अंगानं कोंडून ठेवलाव. कोंडल्यावर ते घर फोडणारच की."

"ती भिंत नाही. बांध हाय."

कौशल्याबाईंनी वर पाहिलं. खोळीवरून पाणी त्यांच्या नाकावर आलं.

"बांध रानाला असतो. हे रान हाय का?"

नागोराव तिथेच उभे राहिले.

बहात्तरच्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते. त्याच्या पुढच्या वर्षी आभाळ भरून आलं की वडील त्यांना उतारावरच्या रानात बांधावर बसवायचे. हातात फावडं. "एक थेंब बांधाबाहेर गेला तर तुझ्या पाठीतून काढीन." आणि काढायचेही. कुठे झिरपलं की पळायचं, माती टाकायची, पायानं दाबायचं. असे किती पावसाळे. डोकं विसरलं होतं, हात विसरला नव्हता. रस्त्याच्या कडेला आलं की उजवा हात आपोआप खटका ओढायचा, पातं चार बोटं उचललं जायचं, आणि कडेला माती राहायची. प्रत्येक खेपेला. ते कुणी सांगितलं नव्हतं. पाणी अडवणं हे पुण्याईचं काम, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. पाणी घालवायला तो शिकलाच नव्हता.

"तू बघितलंस ते मला दिसलं नाही," ते कौशल्याबाईंना म्हणाले.

"तुमचं तोंड पुढं असतं ट्रॅक्टरवर. मी पाण्यामागं हिंडलेली बाई हाय," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "चला. पोरगी येईल साळंतून."

दोन दिवसांनी उघडीप मिळाली. पाच वाजता नागोरावांनी इंजिन चालू केलं. पात्याला उजव्या बाजूला एक मूठ असते, ती फिरवली की पातं एका अंगानं खाली कलतं. ती त्यांनी आजवर कधी फिरवली नव्हती, गंजलेली होती. रॉकेल घालून, फडक्यात धरून फिरवली. मग तळाला वरंब्याला पातं लावलं आणि क्लच सोडला.

कडेला आल्यावर हात खटक्याकडे गेला. त्यांनी तो डाव्या हातानं स्टिअरिंगवरच धरून ठेवला. सांगितलं तर हसतील, पण एका हातानं दुसरा हात धरून त्यांनी तो पहिला चढ पुरा केला. वरंबा कापला जात होता, माती वळून रस्त्याच्या मध्यावर येत होती. धुकं होतंच. इंजिनाचा सूर लागला होता. त्यांनी सवयीनं कडेला पाहिलं. वडील दिसले नाहीत. त्यांना चालायला कडच उरली नव्हती. नागोराव मनात म्हणाले, "दादा, हे रान नाही." मग पुढे बघून चालवत राहिले.

रस्त्याला आता कासवाची पाठ द्यायची होती. मध्य उंच, दोन्ही कडा उतरत्या. नजरेवर भरवसा नव्हता, नजरेनंच आधी फसवलं होतं. दोन खुंट्या, त्यांना आडवी ताणलेली सुतळी, आणि सुतळी सपाट आहे की नाही ते बघायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली. मध्यापासून कडेपर्यंत पाच फुटांत चार बोटं उतार. कमी झाला तर पाणी थांबतं, जास्त झाला तर गाडी घसरते. दर दहा पावलांवर मोजायचं. एकूण चोवीस ठिकाणी. जिथे तीन बोटं भरली तिथे पुन्हा पातं फिरवलं, जिथे पाच भरली तिथे पुन्हा. गोल खडी वेचून बाजूला टाकली, कारण ती एकमेकींना धरत नाही. फोडलेली, धारेची खडी ठेवली. ती मुरमात दात रोवून बसते. असे नऊ दिवस गेले, मधे पाऊस आला तेवढे सोडून.

मग वरून येणारं पाणी बाहेर काढायला रस्त्यात चार ठिकाणी तिरक्या उथळ चरी घेतल्या आणि त्यात चपटे दगड बसवले, म्हणजे गाडीचं चाक सहज पार होईल. हे हाताचं काम. कौशल्याबाई दगड आणून द्यायच्या, नागोराव बसवायचे. दगड हलतो का ते त्यावर उभं राहून बघायचे. हलला की काढून पुन्हा.

तिसऱ्या चरीचं तोंड संपतच्या बाजूला निघालं. संपत धावत आला.

"ओ पाव्हणं! आधी खडी सोडली, आता पानी सोडताय व्हय माझ्या झेंडूत? पुढच्या वर्षी बंगलाच सोडा म्हनजे झालं."

"झेंडूत नाही सोडायचं संपतराव. ती मुरमाची जुनी खाण हाय ना तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला? तिच्यात सोडायचं."

"आन् काय कराया?"

"साठंल. मुरंल. तुमची विहीर खाली हाय."

संपतनं खाणीकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मान खाजवली. "आमच्या बापजाद्यांस्नी ह्ये सुचलं न्हाई व्हय?"

"त्यांच्याकडं असा रस्ता नव्हता."

"तुमच्याकडं बी न्हाई अजून," संपत म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी खाणीपर्यंतची शेवटची वीस हात चर त्यानंच खणली. खणताना एकदाही कबूल झाला नाही की आपण मदत करतोय. त्याचं म्हणणं, तो नुसता लक्ष ठेवून होता.

सप्टेंबर बेताचा गेला. अधूनमधून सरी आल्या, रस्त्यानं सोसल्या. लिमये रोज काठी घेऊन वळणापर्यंत यायचे, उभे राहायचे, परत जायचे. सुतळी मात्र एकदा त्यांनी स्वतः वाकून बघितली.

दसरा शनिवारी होता. बुधवारी दुपारी हस्त नक्षत्रानं हात दाखवला. तीनच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि पाऊस असा कोसळला की समोरची विहीर दिसेना. नागोराव खोलीच्या दारात उभे. शेजारी कौशल्याबाई, दोघांच्या मधून श्रद्धा डोकं काढून.

पाहण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. माणसानं करायचं ते सगळं करून झालेलं असलं की पाऊस फार लांबचा वाटतो, कुणा दुसऱ्याच्या गावात पडत असल्यासारखा. वरून पाणी आलं. वळणावर आलं. आणि मग, जसं कुणी शांतपणे केसांतून फणी फिरवून भांग पाडावा, तसं ते मध्यावर दुभंगलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. कडेवरून घरंगळून गवतात गेलं. राहिलेलं चरीत शिरलं आणि दगडांवरून खुळखुळत खाणीच्या दिशेनं निघालं. रस्त्याची पाठ पावसात ओली, लाल आणि मोकळी होती. सगळा डोंगर पाण्यात वाहत होता आणि मधोमध एक मोठं कासव बुडी मारून वर आल्यासारखं पडून होतं. पत्र्यावरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. नागोरावांना वाटलं, आपण ट्रॅक्टरवरच बसलेलो आहोत आणि हे मनात चाललंय. त्यांनी दाराची चौकट धरून पाहिली. चौकट होती.

पाच वाजता पाऊस थांबला. नागोराव खुंट्या-सुतळी घेऊन निघाले. चोवीस ठिकाणी मोजलं. बावीस ठिकाणी चार बोटं. दोन ठिकाणी साडेतीन.

शुक्रवारी सकाळी मुंबईच्या विमानतळावरून भाड्याची मोठी गाडी आली. आत सुदर्शन, त्याची बायको, दोन मुलं आणि सात बॅगा. गाडी पहिल्या गिअरमध्ये रस्त्याला लागली. नागोराव पायथ्याशी उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, मागच्या चाकांकडे पाहिलं. चाकं एकदाही जागच्या जागी फिरली नाहीत. वळण आलं. वळण गेलं. गाडी वर पोचली.

बॅगा उतरवायला नागोराव मागून वर गेले. सुदर्शन अंगणात उभा राहून खाली बघत होता.

"बाबा, रोड तर मस्त आहे की! तुम्ही फोनवर काय सांगत होतात? आमच्या तिकडे हिल्समध्ये कितीतरी लोकांचे ड्राइव्हवे असेच असतात, ग्रॅव्हलचे. काँक्रीट कशाला उगाच? नॅचरल वाटतं हे."

"असं का," लिमये म्हणाले. "तिकडे असतो ना? मग राहू दे. इथला असता तर उखडला असता."

नागोराव बॅग घेऊन आत गेले. त्यांना सरळ असं कुणीच काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं द्यायला ते वर गेले, तेव्हा लिमयांनी पानं घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "दिवाळीनंतर खडी मागवायची आहे. किती लागेल ते मोजून सांगा. अंदाज नको. आणि ती साडेतीन बोटांची दोन ठिकाणं बघा."

"तुम्हाला कसं कळलं साहेब?"

"बँकेत होतो. दुसऱ्याचं मोजलेलं पुन्हा मोजायची सवय आहे."

नागोराव खाली आले. कौशल्याबाई दारात होत्या. त्यांनी चेहरा पाहिला.

"चुना आणा," त्या म्हणाल्या. "भिंती करून घेताव दिवाळीच्या आधी."

त्यानंतर अकरा वर्षं नागोरावांनी तो रस्ता राखला. पावणेपाचला उठणं, पाचला इंजिन, आठ खेपा. दर पावसाळ्याआधी सुतळी, दर पावसाळ्यानंतर सुतळी. ट्रॅक्टरचा क्लच दोनदा बदलला, पात्याची धार तीनदा. खालचं शहर दर वर्षी थोडं वर सरकायचं. आधी बायपास पुरा झाला, मग त्याच्या कडेनं इमारती आल्या, मग रात्रपाळीच्या मुलामुलींना सोडणाऱ्या पांढऱ्या गाड्या पहाटे दुधाच्या गाड्यांना ओव्हरटेक करून जाऊ लागल्या. धुक्यात नागोरावांना कधी काळीचं रान दिसायचं, कधी दिसायचं नाही. श्रद्धा शाळेतून कॉलेजात गेली. संपतच्या विहिरीला आता माघापर्यंत पाणी राहायचं. त्याचं म्हणणं, ते झेंडूच्या पुण्याईनं.

दोन हजार अकरा साली लिमयेबाईंना चढ अजिबात झेपेना. दोघं कोथरूडला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेले. बंगला आणि डोंगर एका बिल्डरनं घेतला. ट्रॅक्टर बारामतीकडे गेला. खोल्या रिकाम्या करायला महिना होता.

नागोराव आणि कौशल्याबाई महिनाभर आंबेगावात जागा बघत हिंडले. सपाट जागा त्यांच्या आवाक्यातल्या नव्हत्या. शेवटी एका गल्लीच्या टोकाला पाऊण गुंठ्याचा तुकडा निघाला. चार वर्षं पडून होता. इतका उताराचा की वर उभा माणूस खालच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघेल, आणि पावसाळ्यात मागच्या टेकडीचं सगळं पाणी त्यावरून जायचं. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, परत जायचं. जागेच्या मालकालाही लाज वाटत होती.

"खरं सांगतो, पाणी फार येतं हो इथं," तो म्हणाला.

नागोराव वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले. कौशल्याबाई खालच्या टोकाला. दोघंही बराच वेळ जमिनीकडे बघत होते.

"तुमच्या डाव्या अंगानं जाईल," कौशल्याबाई खालून म्हणाल्या.

"डाव्याच," नागोराव वरून म्हणाले.

अकरा वर्षांच्या पगारातून त्यांनी घेतला तो हा, आठशे सतरा चौरस फुटांचा एक उतार.